बाळंतिणीच्या खोलीतली बुखारी

बेलवली, बदलापूर
१ जानेवारी १९५४

नाही उघडणार खिडकी. काय करशील? दोन दिवस आगगाडीत बसून येशील आणि उघडशील? ये मग.

आता रीतीप्रमाणे. ती. हरिदादास सुनेत्राचा सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांग लिहिलाय खरा, पण रागात आहे, म्हणून निम्माच समज.

तुझी तार काल दुपारी आली. घरात तार आली की काय होतं ते विसरलास का रे? पोस्टमनच्या हातातला कागद बघूनच माईनं भिंतीला हात टेकला. नाना चष्मा शोधायला लागले, तो नाकावरच होता. शेवटी मी फोडली. तर आत काय, धूर बंद करा, खिडकी उघडा, पत्र मागाहून. माई आधी देवापुढे जाऊन आली आणि मग तुला जे काय बोलली ते मी लिहीत नाही. पौषातल्या थंडीत बाळंतिणीची खिडकी उघडा म्हणणारा मुलगा आपल्याच पोटचा का, इतपत सांगते.

तू तिकडे रानीखेतजवळ राळेच्या डेपोत डबे मोजत बसतोस. मी सविस्तर पत्र लिहिलं होतं, त्यातला धूर हा एकच शब्द तू वाचलेला दिसतोस. म्हणून सगळं पुन्हा लिहिते. या वेळी नीट वाच.

ताईला अजून दोन महिने होते. सतरा तारखेला दुपारी मेथी निवडत बसली होती आणि दिवेलागणीला मुलगी झाली. साडेतीन पौंड. नानांच्या पंजावर ठेवली तर पाय मनगटाच्या पुढे जात नाहीत. सोनिवलीची रखमाबाई सुईण म्हणाली की असली दोन पोरं तिच्या हातून झालीत, त्यातलं एक आज नांगर धरतं. दुसऱ्याचं आम्ही विचारलं नाही. अंबरनाथहून डॉक्टर सायकलवर आले. मुंबईला न्यायचं का, असं भावोजींनी विचारलं, तर म्हणाले वाटेतच गार पडेल, हलवू नका. थोडं थोडं दूध द्या आणि ऊब द्या, दिवसाची रात्रीची एकसारखी. पाच पौंड भरली की मी निर्धास्त, तोवर नाही. झालं. आमच्या घराचं सगळं आता त्या पाच पौंडांवर येऊन बसलंय.

ऊब द्या म्हणणं सोपं आहे. उल्हास नदीवरून वारा येतो तो थेट आपल्या माजघरात. शेगडी तासाभरात राख होते. इतक्यात भावोजींच्या कारखान्यात स्वीडनहून मशीन आलं आणि त्याची खोकी मोडून फळ्या कामगारांना वाटल्या. गुरुदत्त भावोजींनी हातगाडीभर आणल्या. पहिली फळी घमेल्यात पेटवली आणि काय सांगू, घरभर असा वास की शेजारची कुंदावहिनी विचारायला आली की कसली पूजा आहे. माईनं एकदा हुंगलं आणि म्हणाली, हा देवदार. बाळंतकाढ्यात देवदार असतोच, म्हणजे औषध पोटातून जातंय आणि नाकातूनही. मग आम्ही खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, एवढा गुणाचा धूर फुकट बाहेर का घालवायचा? रखमाबाई तेवढी नाक मुरडते. पण तिला रुळांच्या पलीकडून आलेलं काहीच आवडत नाही, हे तर स्वीडनहून आलंय.

तेव्हा खिडकी बंदच राहील. लोभ आहे का ते पुढच्या पत्रात ठरवीन.

तुझी,
सुनेत्रा

*

रानीखेत
५ जानेवारी

चि. सुनेत्रास हरिचंद्राचे अ. उ. आ. नमस्कार निम्मा आला म्हणून आशीर्वाद कापत नाही, तुला ते पुरवून वापरावे लागतील.

तार पाठवून सगळ्यांना घाबरवलं, चुकलो. तारेच्या सात-आठ शब्दांत दुसरं काय लिहिणार? आता रागावून झालं असेल तर दोन गोष्टी कर. माझ्यावर विश्वास ठेवून करू नकोस, माझं खोटं पाडायचं म्हणून कर.

एक. काढ्याची पुडी सोड. त्यातली देवदाराची ढलपी माईच्या हातात दे, दुसऱ्या हातात खोक्याची ढलपी. हुंगायला सांग. ते खोकं देवदाराचं नाही गं. पाइन आहे, आमच्या इथल्या चिडाचा परदेशातला भाऊ. वास येतो तो राळेचा. मी दिवसभर त्या राळेत असतो, माझ्या शर्टाच्या बाह्या धुतल्या तरी चिकटतात. या राळेचा धूर औषध नाही, काजळी आहे.

दोन. नानांच्या जुन्या धोतराचा पांढरा तुकडा घे, वात कर, कोमट पाण्यात बुडवून पीळ आणि मुलीच्या नाकपुडीच्या तोंडाशी हलकेच फिरव. पांढरी निघाली तर मी गाढव, तसं कार्डावर लिहून पाठव, डेपोत सगळ्यांना वाचून दाखवीन.

आता लाकडाबद्दल. लाकडाशी माझं भांडण नाही. मी ज्यांच्याकडे राहतो त्या आमा सत्तरीच्या आहेत, त्यांनी जन्मभर चीडच जाळलाय. बर्फात त्यावरच नातवंडं वाढवली. पण बंद खोलीत उघडा जाळ त्या कधी करत नाहीत. मी पहिल्या हिवाळ्यात करायला गेलो, तर त्यांनी जळतं लाकूड चिमट्यानं उचलून अंगणात फेकलं आणि मला डोंगरी भाषेत काहीतरी म्हणाल्या. पुढे अर्थ कळला, तो बरा नव्हता. इथे घरोघरी बुखारी असते. पत्र्याचा उभा डबा, पुढे झाकणाचं दार, वरून नळी, ती घराबाहेर. धूर नळीनं जातो, डबा तापतो, खोली तापते. मागच्या पानावर चित्र काढलंय. तिकडे कुणी पत्र्याचं काम करणारा शोधा.

आणि एक, फार महत्त्वाचं. माझं ऐकून लाकूड बंद कराल आणि कोळशाची शेगडी आत घेऊन खिडक्या लावाल. तसं मुळीच करू नका. लाकडाचा धूर निदान डोळ्यांना कळतो. कोळशाचं विष कळतही नाही, माणूस नुसतं झोपतं.

ताईला यातलं काही सांगू नका. पोस्ट निघायची वेळ झाली.

तुझ्या रागाची वाट पाहणारा,
हरी

*

बेलवली
१० जानेवारी

ती. दादास सुनेत्राचा पूर्ण साष्टांग नमस्कार.

वात काळी निघाली. काजळ घालून बोट पुसावं तशी. दोन्ही नाकपुड्यांची.

माईला मी दाखवणार नव्हते, पण ती मागेच उभी होती. तिनं आधी पुडीतली ढलपी हुंगली, मग खोक्याची, मग पुन्हा पुडीतली. उठली आणि चिंध्या स्वतःच उपसून काढल्या, खिडकी उघडली, घमेलं उचलून परसात नेऊन ओतलं. हात भाजला तरी कुणाला लावू देईना. संध्याकाळी मला म्हणाली की मी गुण म्हणून दिलं गं. मग मीच थोडी रडले, ती नाही.

डॉक्टर काल येऊन गेले. वजन सव्वातीन. वाढलं नाही रे, उतरलंय. बोंडल्यानं दूध देतो तर चार थेंबांनी दमते, छातीत बारीक घरघर आहे. धूर थांबवलात हे बरं केलंत, म्हणाले, आणि विचारलं की आता ऊब कशी देणार.

उत्तर रखमाबाईनं दिलं. म्हणाली की कोंबडी काय शेगडी लावते का, पिलू पोटाखाली घेते. पोरीला उघडी करा आणि कुणीतरी अंगाशी घ्या, वरून घोंगडी. एक दमलं की दुसऱ्यानं. डॉक्टरांना वाटलं ती उगाच बोलतेय, पण मग म्हणाले की हिचं ऐका. तेव्हापासून पाळी लावलीय. ताई, माई, मी, पुन्हा ताई. आज दुपारी आम्ही तिघी गळून गेलो होतो, तर नाना आले आणि कोटाची बटणं सोडून खुर्चीत बसले. तू नि मी लहानपणी त्यांच्या मांडीवर कधी बसल्याचं आठवतं का तुला? तीन तास बसले. वर्तमानपत्र हवं का विचारलं तर मानेनंच नको म्हणाले. मुलीचं डोकं कोटातून बाहेर, आणि नानांची दाढी वाढलेली. मला हसूही येत होतं.

पण हे किती दिवस जमणार? भावोजी तुझं चित्र घेऊन उल्हासनगरला कॅम्पात गेले. चार दुकानं फिरले, डबा कशाला, नळी कशाला, समजावता समजावता दमले. पाचवं दुकान हासोमल नावाच्या म्हाताऱ्याचं, बादल्या आणि ट्रंका करतो. त्यानं चित्र हातात घेतलं, उलटं होतं ते सुलटं केलं आणि हसतच सुटला. म्हणाला, बुखारी! त्याचं दुकान फाळणीआधी क्वेट्ट्याला होतं. तिथे बर्फ पडतो, दर हिवाळ्याला शे-दीडशे बुखाऱ्या करायचा. इथे येऊन सहा वर्षं झाली, एका माणसानं मागितली नव्हती. कुणासाठी हवी विचारलं, भावोजींनी सांगितलं, तर हातातली ट्रंक बाजूला ठेवली आणि तीन-चार दिवसांत घेऊन येतो म्हणाला. स्वतः येणार आहे. दुसऱ्याच्या हातानं लावलेली नळी धड लागत नाही, असं त्याचं मत.

खिडकीबद्दल जे लिहिलं ते मागे घेते. आशीर्वाद सगळेच्या सगळे पाठव.

सुनेत्रा

*

१२ जानेवारी

प्रिय दादा,

पेन्सिलीनं लिहितेय, अक्षर लावून घे. बाळंतिणीनं लिहिलं तर डोळे जातात म्हणून माईनं कागद-शाई सगळं उचलून ठेवलंय. हा कागद साबणाच्या वडीचा आहे. रखमाबाई टपालात टाकीन म्हणालीय.

मला कुणी काही सांगत नाही. डॉक्टर आले की दाराबाहेर जाऊन बोलतात. सुनेत्रा आत येते ती हसतच येते, आणि ती हसत आली की मी आधी मुलीचा श्वास बघते. हे रोज म्हणतात सगळं ठीक आहे, आणि पाठ करून उभे राहतात.

तू लांब आहेस, तुझा चेहरा मला दिसणार नाही, म्हणून तुला विचारते. ती जगेल का? नसेल तर आत्ताच सांग. मी तिला अंगाशी घेते तेव्हा मनानं थोडी मागे सरून बसते रे. पुढे त्रास होऊ नये म्हणून. हे कुणाला सांगू नकोस. आई असं करते का?

तुझी,
वृंदा

*

पोस्टकार्ड
बेलवली, १६ जानेवारी

चि. हरिचंद्र यास विष्णुपंतांचे आशीर्वाद.

तू कारखान्यातली कायमची नोकरी सोडून डोंगरात गेलास त्याला पावणेदोन वर्षे झाली. तेव्हापासून मी तुला पत्र घातले नाही. ते असो.

बुखारी परवा बसवली. काम उत्तम आहे. श्री. हासोमल यांनी चहाखेरीज काही घेण्यास नकार दिला, मी आग्रह केला तर रागावले. परंतु पेटवल्यावर काही वेळाने नळीतून धूर उलटा खोलीत येतो. नळी भिंतीच्या झरोक्यातून बाहेर काढली असून तिचे तोंड कौलांच्या वळचणीखाली आहे. छतातून काढा असे हासोमल म्हणत होते, कौले फोडण्यास मीच हरकत घेतली. बुखारी विझवून ठेवली आहे. मुलीस आम्ही आळीपाळीने जवळ घेतो. रोज दुपारी बारा ते तीन माझी पाळी असते.

काय करावे ते त्वरित कळव. तार केलीस तरी चालेल. आता कोणी घाबरणार नाही.

विष्णुपंत

*

रानीखेत
२० जानेवारी

ती. नानांस हरिचंद्राचा शि. सा. न. वि. वि.

तार मिळाली असेलच, नळी छपराच्या कण्यापेक्षा दोन हात वर. हासोमलांचं बरोबर होतं. वळचणीखाली वारा कोंडतो आणि धुराला परत ढकलतो. कौलं फोडावी लागतील, नाना. चार फुटतील. वर पत्र्याची टोपी बसवा. जिथे नळी छपरातून जाते तिथे वासा जवळ असेल तर मध्ये पत्रा घाला, नाहीतर वासा पेटेल.

फळ्या निवडून घ्या. पिवळसर, जड, हाताला चिकट लागणारे तुकडे वेगळे काढा, ते फक्त पेटवणाला, बोटभर. पांढऱ्या, हलक्या, ठणठणीत वाळलेल्या फळ्या जाळायच्या. त्यांच्या जोडीला बाभळीचा एखादा ओंडका ठेवा, पाइन भसकन जळून जातो, बाभूळ निखारा धरते. दर आठवड्याला बुखारी गार करून नळी ठोका, आत डांबर जमतं. वर पाण्याचं पातेलं ठेवा, हवा कोरडी पडते. आणि खिडकी बोटभर उघडी. माईला सांगा, बोटभरच.

इतके दिवस तुम्ही मला लिहिलं नाहीत ते असो, असं तुम्ही म्हणालात. माझ्याकडूनही ते असो. तुमचं कार्ड मी खिशात ठेवलंय.

सोबतची चिठ्ठी ताईला द्यावी, वाचू नये.

आपला,
हरी

ताई,

मला माहीत नाही. तू खरं विचारलंस म्हणून खरं लिहितोय. डॉक्टरांनाही माहीत नसेल, म्हणून ते दाराबाहेर बोलतात.

आमांना विचारलं. त्यांची दोन गेली, पाच जगली. त्या म्हणाल्या की वजनाकडे बघू नकोस म्हणावं, रागाकडे बघ. दूध द्यायला उशीर झाला की पोर चिडतं का? मुठी आवळतं का? जे पोर चिडत नाही त्याची भीती. चिडायला लागलं की समज, त्याला इथे राहायचंय.

मागे सरून बसण्याबद्दल मी त्यांना विचारलं नाही, तू नको म्हणालीस. पण त्या आपण होऊन एक बोलल्या, की जी दोन गेली त्यांनाही मी घट्टच धरलं होतं, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

हरी

*

बेलवली
१४ फेब्रुवारी

ती. दादास सुनेत्राचे सा. न., सोबत ताईचे, माईचा आशीर्वाद, नानांचा (लिहिलं नाहीस तर बघ, असं म्हणाले) आणि एक बारीकसा लाथ मारण्याचा आवाज, तो तुझ्या भाचीचा.

पाच पौंड एक औंस!

डॉक्टरांनी तीनदा वजन केलं. पहिल्यांदा माईला काटा चुकलेला वाटला, दुसऱ्यांदा नानांना. डॉक्टर म्हणाले की आता मी निर्धास्त, आणि खरंच चहा प्यायला बसले. एरवी उभ्यानं घोट घेऊन सायकलवर चढायचे.

तुझी तार आली त्याच दिवशी नानांनी धोतर खोचलं आणि स्वतः छपरावर चढले. हासोमल खाली उभा राहून सिंधीत ओरडत होता, नाना मराठीत उत्तर देत होते, दोघांचं अगदी बरोबर चाललं होतं. चार नाही, सात कौलं फुटली. पेटवली, आणि आम्ही सगळे मान वर करून बघत राहिलो. टोपीखालून धूर सरळ वर. आत वास नाही, काही नाही, फक्त उन्हाळ्यातल्या ओटीसारखी ऊब. गंमत म्हणजे वास आता बाहेर रस्त्यावर येतो. जाणारे-येणारे थांबून विचारतात की विष्णुपंतांकडे रोज कसलं होमहवन असतं.

आठव्या दिवशी घरघर गेली. दहाव्या दिवशी ताईनं मला घाईनं हाक मारली, मी पळत आत गेले तर मुलगी लालबुंद होऊन मुठी आवळून किंचाळत होती आणि ताई तिच्याकडे बघून हसत, रडत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, चिडलीय बघ, चिडलीय. मला वाटलं ताईचं काहीतरी बिनसलं. मग तिनं तुझी चिठ्ठी दाखवली.

आता बुखारी म्हणजे आमच्या घरातलं दैवत झालंय. नानांनी दारावर वेळापत्रक लावलंय, कुणी कधी लाकूड घालायचं. पाइन किती फळ्या, बाभूळ किती. परवा माझ्या पाळीला पाव तास उशीर झाला तर ओटीवर बोलावून खरडपट्टी काढली. पाहुण्यांना आधी बुखारी दाखवतात, मग मुलगी. भावोजींना बिचाऱ्यांना बायको-मुलगी अंबरनाथला न्यायचीय, खोली पुसून ठेवलीय, पण विषय काढला की नाना लाकडं मोजायला उठतात. बारसंही नाही. माई म्हणते घाई नको. तू काय म्हणतोस? तुझं ऐकतात हल्ली सगळे, त्याचा तुला फार माज चढू नये अशी प्रार्थना.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

सुनेत्रा

*

रानीखेत
१९ फेब्रुवारी

चि. सुनेत्रास आणि घरातल्या लहानथोर सर्वांस हरीचे जसे ज्याला लागू असतील तसे नमस्कार, आशीर्वाद.

पाच पौंडांचं वाचून मी डेपोत एवढ्या मोठ्यानं ओरडलो की साहेबांना वाटलं आग लागली. राळेच्या डेपोत तसं ओरडायचं नसतं. आमांना सांगितलं, त्यांनी गूळ वाटला.

आता नीट ऐका. होळीपर्यंत तिला हलवू नका. सकाळचा गारठा अजून गेलेला नाही, आणि अंबरनाथच्या खोलीत बुखारी नाही. आधी हासोमलांना सांगून तिथे दुसरी बसवून घ्या. आठ दिवस ती पेटवून खोली सुकवा, भिंती तापू द्या. नळीची उंची नानांनी जाऊन बघावी. मग एखाद्या निवांत दुपारी, वारा पडलेला असताना, गरम विटा फडक्यात गुंडाळून टांग्यात ठेवून न्या. भावोजींना म्हणावं रागावू नका. एवढं सांभाळलं आणि शेवटी घाई केली असं नको व्हायला. नव्या खोलीचा नकाशा काढून पाठवा, नळी कुठून काढायची ते मी सांगतो.

काळजीत राहू नका, काळजी घ्या.

हरी

*

बेलवली
२५ फेब्रुवारी, दुपार

प्रिय दादास वृंदाचा नमस्कार.

शाईनं लिहितेय. तुला पेन्सिलीनं लिहून महिना उलटून गेला, डोळे गेले नाहीत.

तुझं पत्र काल आलं. नानांनी ते मोठ्यानं वाचलं. मग सगळ्यांची बैठक बसली, हे सुद्धा आले होते. दुसरी बुखारी कधी, नळी कुठून, विटा किती, बारा की दहा. हे आपले मान हलवत होते, मनातून एवढे खट्टू की चहा तसाच ठेवून गेले. मला कुणी विचारलं नाही. मी आत मुलीला पाजत होते आणि ऐकत होते.

तुला एक सांगते, अजून कुणाला ठाऊक नाही. गेल्या आठवड्यात सुनेत्राला सर्दी झाली म्हणून सकाळची पाळी मी घेतली. वेळापत्रकात सहा वाजता दोन पाइन, एक बाभूळ असं होतं. मी काहीच घातलं नाही. बुखारी विझू दिली. मुलीला दुपट्यात गुंडाळून बाजूला निजवलं आणि तिचे तळवे माझ्या मुठीत धरून बसले. सात वाजले, आठ वाजले. वरचा पत्रा गार पडला. म्हटलं जरा गार लागले तरी लगेच पेटवीन, काडेपेटी मांडीवरच होती. नाही लागले गार. नऊ वाजता नाना बघायला आले, तेव्हा मी घाईनं पेटवून घेतली, त्यांना कशाला दुखवायचं? दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच केलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तर तिनं झोपेत दुपटंच झुगारून दिलं.

दादा, ती स्वतःची ऊब स्वतः धरते आता.

तुम्ही सगळ्यांनी तिला जगवलंत. माईनं, नानांनी, सुनेत्रानं, त्या हासोमलनं, तू. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण आता तुम्हाला भ्यायची सवय लागलीय. होळी झाली की म्हणाल पाडव्याला ने, मग पावसाळा तोंडावर आला म्हणाल. तुम्हाला ती अजून साडेतीन पौंडांचीच दिसते. मी रोज उचलते, मला कळतं किती झाली ते.

म्हणून मी ठरवलं. रखमाबाईला सांगून टांगा बोलावलाय, तो दारात आहे. ती माझ्याबरोबर येतेय, अंबरनाथपर्यंत. सुनेत्राला आत्ता सांगितलं, तिनं लगेच दुपटी बांधायला घेतली. तीही येते म्हणतेय. माई आणि नाना मागे परसात आहेत, विटांचंच चाललंय, त्यांना निघताना सांगीन. ह्यांना माहीत नाही. कारखाना सुटून घरी येतील तेव्हा दाराला कुलूप नसेल.

विटा घेतलेल्या नाहीत. ऊन चांगलं आहे.

शिवमंदिराच्या बाजूनं जायचं, तिथे घटकाभर उतरून तिला मोकळी हवा दाखवायची असं मनात आहे. बारसं येत्या रविवारी अंबरनाथला. नाव मी निवडलंय, आत्याबाई पाळण्यापाशी कानात सांगतील तेव्हाच सगळ्यांना कळेल, तुलाही नाही सांगत.

नको ना गं अजून, असं माई म्हणणार आहे, आणि नाना नुसते उभे राहतील, ते मला जास्त कठीण जाईल. तू तिकडून तार करशील. कर. पत्ता अंबरनाथचा घाल.

टांगेवाला दुसऱ्यांदा हाका मारतोय, घोडा थांबत नाही म्हणे. पत्र वाटेत पोस्टात टाकते. मुलगी जागी आहे. तिला घेतलं मी.

निघाले.

वृंदा